विजेतेपद आणि वेळापत्रक : तीन गुणांचा हिशेब

पुण्याच्या फुटबॉलप्रेमींना २०१२-१३ चा आय लीगचा मोसम आजही आठवतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेली ही साखळी मे २०१३ मध्ये संपली, तेव्हा गुणतक्त्यात गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ५५ गुणांसह पहिला आणि पुणे एफसी ५२ गुणांसह दुसरा होता. १४ संघ, प्रत्येकाचे २६ सामने आणि अखेरीस अंतर केवळ तीन गुणांचे, म्हणजे एका विजयाचे. राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद पुण्याच्या इतक्या जवळ त्याआधी कधी आले नव्हते आणि त्यानंतरही आले नाही.

एका विजयाने हुकलेल्या विजेतेपदाची कारणे शोधताना हुकलेल्या संधी, पंचांचे निर्णय आणि खेळाडूंच्या दुखापती यांची चर्चा नेहमीच होते. मात्र मोसमाचा पहिला चेंडू टोलवला जाण्यापूर्वीच कागदावर ठरलेल्या एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. ती गोष्ट म्हणजे सामन्यांचे वेळापत्रक. कोणाशी, कोठे, किती दिवसांच्या विश्रांतीनंतर आणि कोणत्या क्रमाने खेळायचे, हे संघाच्या हाती नसते. पण त्याचा परिणाम मात्र संघालाच भोगावा लागतो. हा परिणाम नेमका किती असतो आणि तो कोठून येतो, हे समजून घेतल्याशिवाय गुणतक्ता नीट वाचता येत नाही.

काठिण्य म्हणजे काय?

वेळापत्रक 'अवघड' किंवा 'सोपे' आहे असे म्हटले जाते, तेव्हा त्यात चार गोष्टी अभिप्रेत असतात. पहिली, प्रतिस्पर्ध्यांची ताकद. दुसरी, सामन्याचे ठिकाण. युरोपातील प्रमुख साखळ्यांमध्ये यजमान संघ साधारण ४५ टक्के सामने जिंकतो, तर पाहुण्या संघाच्या वाट्याला ३० टक्क्यांहून कमी विजय येतात. उरलेले सामने बरोबरीत सुटतात. तिसरी गोष्ट म्हणजे दोन सामन्यांमधील विश्रांती आणि त्यात करावा लागणारा प्रवास. चौथी गोष्ट म्हणजे सामन्यांचा क्रम. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आकड्यांत सहज मांडता येतात. उरलेल्या दोन मोजायला कठीण; पण अटीतटीच्या शर्यतीत बहुधा त्याच निर्णायक ठरतात.

दुहेरी साखळीचा न्याय

इंग्लंड, स्पेन, इटली यांप्रमाणे आय लीगमध्येही त्या काळात दुहेरी साखळी पद्धत होती. प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो. एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा बाहेर. त्यामुळे मोसम संपेपर्यंत सर्वांच्या वाट्याला जवळजवळ सारखेच प्रतिस्पर्धी येतात. 'जवळजवळ' म्हणण्याचे कारण असे, की कोणताही संघ स्वतःविरुद्ध खेळत नाही. सर्वांत बलाढ्य संघाला सर्वांत बलाढ्य संघाशी सामना करावा लागत नाही, आणि तळाच्या संघाला तळाच्या संघाकडून गुण मिळवता येत नाहीत. हा फरक किरकोळ असतो.

प्रत्येक व्यावसायिक स्पर्धेत मात्र हा न्याय नसतो. अमेरिकेतील फुटबॉल हा निराळाच खेळ. पण वेळापत्रकाच्या चर्चेत त्याचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथील राष्ट्रीय साखळीत ३२ संघ आहेत आणि २०२१ पासून प्रत्येकाला १७ सामने मिळतात. सर्वांशी खेळणे अशक्य असल्याने काही प्रतिस्पर्धी मागील मोसमातील क्रमांकावरून ठरतात. म्हणजे आदल्या वर्षी गटात पहिला आलेला संघ पुढच्या वर्षी इतर गटांतील पहिल्या क्रमांकाच्या संघांपुढे उभा राहतो. स्कॉटलंडमध्ये १२ संघ ३३ सामन्यांनंतर वरचे सहा आणि खालचे सहा असे विभागले जातात आणि शेवटचे पाच सामने आपापल्या गटातच होतात. अशा ठिकाणी दोन संघांच्या गुणांची तुलना करण्यापूर्वी ते कोणाशी खेळले, हे विचारावेच लागते.

क्रमाचे गणित

दुहेरी साखळीत प्रतिस्पर्धी समान असले, तरी क्रम समान असू शकत नाही. एक सामना घरी आणि पुढचा बाहेर, अशी आलटून-पालटून रचना प्रत्येक संघाला हवी असते. ती सर्वांना देता येत नाही, याचे कारण आयोजकांचा पक्षपात नसून साधे गणित आहे. ज्या दोन संघांचा घर-बाहेरचा क्रम तंतोतंत सारखा असेल, त्यांचा परस्परांशी सामनाच होऊ शकत नाही; कारण एक घरी असेल त्या दिवशी दुसराही घरीच असेल. अखंड आलटून-पालटून क्रम दोनच प्रकारे संभवतो : घरच्या सामन्याने सुरू होणारा आणि बाहेरच्या सामन्याने सुरू होणारा. म्हणजे १४ संघांच्या साखळीत पहिल्या फेरीत जास्तीत जास्त दोन संघांना हा आदर्श क्रम मिळू शकतो. उरलेल्या १२ संघांना एकदा तरी सलग दोन सामने घरी किंवा सलग दोन सामने बाहेर खेळावेच लागतात. मैदानाची उपलब्धता, पोलीस बंदोबस्त, सण, निवडणुका आणि दूरचित्रवाणीच्या वेळा यांची भर पडली, की ही संख्या आणखी वाढते.

सलग तीन सामने बाहेर खेळून परतलेला संघ आणि आठवडाभर घरी सराव केलेला संघ समोरासमोर येतात, तेव्हा गुणतक्त्यात दोघेही बरोबरीचे दिसत असले, तरी त्या दिवशी ते बरोबरीचे नसतात.

पुण्याहून गंगटोकला

भारतासारख्या देशात प्रवास हा वेळापत्रकातील सर्वांत जड घटक आहे. २०१२-१३ च्या मोसमात गोव्याचे चार संघ आय लीगमध्ये होते : चर्चिल ब्रदर्स, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा. त्यामुळे चर्चिलच्या १३ 'बाहेरच्या' सामन्यांपैकी तीन प्रत्यक्षात गोव्यातच होते. ईस्ट बंगालची स्थितीही तशीच होती. मोहन बागान, प्रयाग युनायटेड आणि पैलान अॅरोज हे तिन्ही संघ कोलकाता परिसरातलेच. या सामन्यांसाठी ना विमान, ना हॉटेल. खेळाडू रात्री आपल्या घरी झोपत.

पुणे एफसीला शहरात दुसरा प्रतिस्पर्धी नव्हता. शिलाँग लाजाँगविरुद्ध खेळायचे, तर गुवाहाटीपर्यंत विमानाने आणि पुढे सुमारे १०० किलोमीटर घाटरस्त्याने जावे लागे. युनायटेड सिक्कीमशी सामना असला, तर बागडोगऱ्याला उतरून गंगटोकपर्यंत सुमारे सव्वाशे किलोमीटरचा डोंगरी प्रवास असे. शिलाँग समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे, गंगटोक त्याहून थोडे अधिक. विरळ हवा, थंडी आणि शिलाँगचे कृत्रिम गवत यांच्याशी जुळवून घेण्यास पाहुण्या संघाला जेमतेम एक-दोन दिवस मिळत. हे सामने सर्वच संघांना खेळावे लागत, हे खरे. परंतु गोव्याच्या किंवा कोलकात्याच्या संघांना प्रवासाची जी बचत जवळच्या सामन्यांत होई, ती पुण्याच्या वाट्याला आली नाही.

अर्थात, ताळेबंदाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुंबईचे कूपरेज मैदान बंद असल्याने मुंबई एफसीने त्या काळात आपले यजमान सामने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात खेळले. परिणामी, मुंबई एफसीविरुद्धचा कागदावरचा 'बाहेरचा' सामना पुणे एफसीसाठी प्रत्यक्षात ओळखीच्या मैदानावरचाच होता. वेळापत्रकाने पुण्यावर केवळ अन्यायच केला, असे म्हणता येत नाही.

प्रतिस्पर्धी केव्हा भेटतो?

प्रतिस्पर्ध्याची ताकद मोसमभर स्थिर राहत नाही, हा मुद्दाही त्याच वर्षी ठळकपणे दिसला. ९ डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ईस्ट बंगालविरुद्धचा सामना मोहन बागानने अर्धवट सोडला. महिनाअखेरीस संघावर बंदीची कारवाई झाली. जानेवारी २०१३ मध्ये ती मागे घेण्यात आली. मात्र तोवर मिळवलेले सर्व गुण काढून घेऊन संघाला शून्यापासून सुरुवात करायला लावली आणि दोन कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. गुणतक्त्याच्या तळाशी फेकला गेलेला हा नामांकित संघ पुढचा प्रत्येक सामना अस्तित्वाची लढाई म्हणून खेळला आणि त्याने अवनती टाळली. ज्यांना बागान जानेवारीनंतर भेटला, त्यांच्यापुढे निराळाच प्रतिस्पर्धी होता.

नेहमीच्या मोसमातही असेच घडते. मार्च-एप्रिलमध्ये अवनतीच्या छायेतला संघ जीव तोडून खेळतो. मधल्या क्रमांकावरचा, ज्याला मिळवायचे काही नाही आणि गमवायचेही काही नाही, असा संघ नव्या खेळाडूंना संधी देऊ लागतो. तोच प्रतिस्पर्धी, तेच मैदान. पण ऑक्टोबरमध्ये अवघड असलेला सामना एप्रिलमध्ये सोपा होतो किंवा सोपा सामना अवघड.

यशाची किंमत

उपविजेतेपदामुळे पुणे एफसीला पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेचे दार उघडले. २०१४ च्या प्रारंभी संघ एएफसी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यासाठी व्हिएतनामला गेला आणि हनोई टी अँड टीकडून पराभूत झाला. त्यानंतर एएफसी चषकाच्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि म्यानमारमधील संघांशी घरी आणि बाहेर असे सहा सामने झाले. हे सर्व आय लीगचा मोसम चालू असतानाच. एका सामन्यानंतर शरीर पूर्ववत होण्यास साधारण ७२ तास लागतात, असे मानले जाते. आठवड्यात दोन सामने आणि मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवास असला, तर सरावाला वेळ उरतच नाही. मोठ्या क्लबांकडे दुसरी फळी असते. मर्यादित खर्चात चालणाऱ्या संघाकडे तेच अकरा-तेरा खेळाडू असतात. यशस्वी संघाचे पुढचे वेळापत्रक त्याच्या यशामुळेच अवघड होते, असा हा विचित्र न्याय आहे.

त्याचे परिणाम विजेतेपदाच्या शर्यतीतही दिसू शकतात. ३१ मे २०१५ रोजी आय लीगचा शेवटचा आणि निर्णायक सामना बंगळूरु एफसी आणि मोहन बागान यांच्यात बंगळूरुच्या कंठीरवा मैदानावर झाला. बागानला बरोबरी पुरेशी होती, बंगळूरुला विजय हवा होता. बंगळूरुचा संघ त्याच आठवड्यात एएफसी चषकाच्या बाद फेरीचा सामना खेळला होता. बागानवर आशियाई स्पर्धेचा भार नव्हता. बंगळूरुने आघाडी घेतली, पण अखेरच्या मिनिटांत बेलो रझाकच्या हेडरने बागानला बरोबरी मिळवून दिली आणि ३९ विरुद्ध ३७ अशा गुणफरकाने विजेतेपद कोलकात्याला गेले. थकव्यामुळेच तो गोल झाला, असे कोणी सिद्ध करू शकत नाही. परंतु दोन संघ त्या सामन्याला समान विश्रांती घेऊन उतरले नव्हते, हेही नाकारता येत नाही.

गुणतक्ता कसा वाचावा?

मोसम संपल्यावर गुणतक्ता खरा. मधल्या काळात तो फसवा असू शकतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच सामने शिल्लक असताना दोन संघांचे गुण समान आहेत. घरच्या मैदानावर दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध विजयाची शक्यता ६० टक्के आणि बरोबरीची २५ टक्के मानली, तर त्या सामन्यातून सरासरी २.०५ गुणांची अपेक्षा ठेवता येते. बलाढ्य संघाविरुद्ध बाहेर खेळताना विजयाची आणि बरोबरीची शक्यता प्रत्येकी २५ टक्के धरली, तर अपेक्षा १ गुणाची. पहिल्या संघाचे तीन सामने सोपे आणि दोन अवघड असतील, तर त्याला सुमारे ८.१५ गुण अपेक्षित आहेत. दुसऱ्याचा एक सोपा आणि चार अवघड असतील, तर ६.०५. म्हणजे गुणतक्त्यात बरोबरीत दिसणाऱ्या या दोन संघांत वास्तविक दोन गुणांचे अंतर आहे.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. दुसऱ्या संघावर अन्याय झाला, असा याचा अर्थ नाही. त्याचे सोपे सामने आधीच होऊन गेले आहेत आणि त्यांतले गुण त्याच्या खात्यात जमा आहेत. 'आमचे उरलेले वेळापत्रक अवघड आहे' ही समर्थकांची तक्रार बहुतेक वेळा 'आमचे सोपे सामने संपले आहेत' या वाक्याचेच दुसरे रूप असते.

याच पद्धतीचा विस्तार करून अभ्यासक प्रत्येक संघाला ताकदीनुसार गुणांकन देतात. बुद्धिबळासाठी अर्पाड एलो यांनी तयार केलेली गुणांकन पद्धत यासाठी वापरली जाते. जागतिक फुटबॉल महासंघानेही २०१८ पासून आपल्या क्रमवारीसाठी तिच्यावर आधारित पद्धत स्वीकारली. दोन संघांच्या गुणांकनांतील फरक आणि यजमानपदाचा लाभ यांवरून प्रत्येक सामन्याच्या शक्यता काढल्या जातात. मग उरलेला मोसम संगणकावर हजारो वेळा 'खेळवला' जातो. त्यात एखादा संघ किती वेळा पहिला येतो, त्यावरून त्याच्या विजेतेपदाची टक्केवारी ठरते.

शेवटचा दिवस

शेवटच्या फेरीत वेळापत्रकाला आणखी एक जबाबदारी पार पाडावी लागते. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना आपल्या सामन्यापूर्वीच गटातील इतर निकाल माहीत होते. जर्मनीच्या १-० अशा विजयाने दोघेही पुढे जाणार होते; सुरुवातीच्या गोलनंतर सामना अक्षरशः थांबल्यासारखाच झाला आणि अल्जीरिया बाहेर पडला. त्यानंतर गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवण्याची प्रथा रूढ झाली. आय लीगमध्ये ८ मार्च २०१८ रोजी मिनर्व्हा पंजाब, नेरोका, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या चारही संघांना विजेतेपदाची संधी होती. अखेरचे सामने एकाच वेळी झाले, मिनर्व्हाने चर्चिलला १-० असे हरवले आणि ३५ गुणांसह करंडक पटकावला.

कधी योगायोगाने शेवटची लढत थेट दोन दावेदारांतच येते. इंडियन सुपर लीगच्या २०२०-२१ च्या मोसमात करोनामुळे सर्व सामने गोव्यात, प्रेक्षकांविना झाले. यजमानपदाचा आणि प्रवासाचा मुद्दाच उरला नाही. साखळीच्या अखेरीस मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-० असे हरवले, दोघांचेही ४० गुण झाले आणि परस्परांतील सामन्यांच्या जोरावर मुंबई पहिली आली.

छोटी साखळी, मोठा धोका

सामने जितके कमी, तितका वेळापत्रकाचा आणि दैवाचा वाटा मोठा. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगच्या पहिल्या मोसमात आठ संघांना प्रत्येकी १४ साखळी सामने होते आणि पहिले चार संघ बाद फेरीत जाणार होते. एफसी पुणे सिटी १६ गुणांवर थांबला. चौथ्या क्रमांकाचे गुण होते १९. पुण्याच्या नशिबी पुन्हा तेच तीन गुण. २०१७-१८ मध्ये १८ सामन्यांतून ३० गुण मिळवून पुणे सिटीने बाद फेरी गाठली. पुण्यातील उपांत्य लढत गोलशून्य सुटली आणि बंगळूरुत सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी पुण्याचा ३-१ असा पराभव झाला. परतीचा सामना घरच्या मैदानावर खेळण्याचा लाभ बंगळूरुने साखळीत पहिला क्रमांक मिळवून कमावला होता, हे येथे विसरता कामा नये. तोच बंगळूरु संघ साखळीत आठ गुणांनी पुढे राहूनही घरच्याच मैदानावरील अंतिम सामन्यात चेन्नईयिनकडून २-३ असा हरला. वेळापत्रक अनुकूल असले, म्हणजे करंडक हाती येतोच असे नाही.

२०२५-२६ चा मोसम या दृष्टीने अधिक बोलका आहे. व्यावसायिक हक्कांचा प्रश्न लांबल्याने इंडियन सुपर लीग वेळेवर सुरू होऊ शकली नाही. जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालेल्या आराखड्यानुसार १४ संघांनी एकमेकांशी दोनदा नव्हे, तर एकदाच खेळायचे ठरले. एकूण सामने ९१. प्रत्येकाच्या वाट्याला १३ सामने, म्हणजे घरचे आणि बाहेरचे सामने समान होणे अशक्य. बलाढ्य प्रतिस्पर्धी घरी भेटणार की बाहेर, हे परतीच्या सामन्याने भरून निघत नाही. ते एकदाच ठरते.

उरलेला हिशेब

वेळापत्रक दुबळ्या संघाला विजेता करीत नाही आणि खरोखरच बलाढ्य संघाला फार काळ रोखूनही धरत नाही. आठ-दहा गुणांचे अंतर प्रवासाने किंवा क्रमाने भरून निघत नाही. मात्र दोन-तीन गुणांच्या शर्यतीत एक दमलेला सामना, एक लांबचा प्रवास किंवा चुकीच्या आठवड्यात भेटलेला प्रतिस्पर्धी पुरेसा असतो. म्हणूनच पूर्ण दुहेरी साखळी, पुरेशी विश्रांती, मोसमापूर्वी जाहीर होणारे आणि मध्येच न बदलणारे वेळापत्रक या गोष्टी आयोजकांच्या सोयीच्या नसून स्पर्धेच्या प्रामाणिकपणाच्या आहेत.

पुणे एफसीचा व्यावसायिक संघ २०१५ मध्ये बंद झाला. एफसी पुणे सिटीचा प्रवास २०१९ मध्ये थांबला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला. त्या संघाने २०२१-२२ मध्ये विजेतेपदही मिळवले. बालेवाडीचे मैदान आहे, शहरात खेळणारी मुले आहेत. पण देशाच्या सर्वोच्च साखळीच्या वेळापत्रकात पुण्याचे नाव नाही. २०१३ मध्ये हुकलेल्या तीन गुणांची हळहळ ज्यांना अजूनही वाटते, त्यांना आज एखादे अवघड वेळापत्रकही चालले असते.